अवटू ग्रंथी आणि मूत्रपिंडे : एका देहातील दोन दप्तरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आरोग्यावर कोणीतरी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही प्रथम आमची पात्रता स्पष्ट केली. आम्ही वैद्य नव्हे. आमची पदवी कलाशाखेची आणि आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, टिपणे लिहिण्यात व फायली पुढे सरकविण्यात गेलेले. तथापि एका विषयाने आमच्या घरी दोन वर्षे मुक्काम ठोकला होता. त्या निमित्ताने डॉक्टरांशी जे बोलणे झाले आणि जे वाचन घडले, त्याचा उपयोग आपल्यापैकी चार घरांना तरी होईल, अशा भरवशावर आम्ही येथे उभे आहोत.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. त्याच्याबरोबर आपणही वयस्क झालो. पूर्वी कोजागिरीला दुधाचे पेले हाती आले की बदल्या, बढत्या आणि मुलांचे गुण यांवर गप्पा रंगत. आता त्याच अंगणात ‘तुमचे क्रिएटिनीन किती?’ आणि ‘थायरॉइडची गोळी पन्नासची की पंचाहत्तरची?’ असे प्रश्न ऐकू येतात. हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे विचारतो. डॉक्टरही वेगवेगळे, कागदही वेगवेगळे. वस्तुतः या दोन गोष्टींचा आपापसांत मोठा पत्रव्यवहार चालू असतो. तो कसा चालतो आणि तो न वाचल्यास काय घोटाळा होतो, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम दोन्ही दप्तरांची ओळख करून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूस, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. आपले कोशकार तिला अवटू ग्रंथी म्हणतात; औषधांच्या दुकानात ती थायरॉइड या नावाने ओळखली जाते, म्हणून आपणही तेच नाव चालवू. तिचे वजन वीसेक ग्रॅम. आहारातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, म्हणून त्यास टी-४ म्हणतात. शरीरातील इतर अवयव त्यातील एक अणू काढून टी-३ बनवितात आणि प्रत्यक्ष काम मुख्यत्वे हे टी-३ करते. हृदयाने किती जोराने चालावे, अंगात ऊब किती असावी, अन्नाचे ज्वलन किती वेगाने व्हावे, हे सारे त्याच्या हुकुमाने ठरते. या ग्रंथीवर देखरेख करणारा वरिष्ठ अधिकारी मेंदूच्या तळाशी बसलेला आहे. ती पीयूषिका ग्रंथी. थायरॉइडचे काम मंदावले की ती स्मरणपत्रे धाडू लागते. त्या स्मरणपत्रांचेच नाव टी. एस. एच. म्हणून टी. एस. एच. चा आकडा वाढला, तर बहुधा खालचे काम तुंबले आहे असे समजावे.

दुसरे दप्तर मूत्रपिंडांचे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, मुठीएवढी ही दोन पिंडे. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडून बाकीचा सारा रक्तात परत घेतला जातो. इतका काटेकोर जमाखर्च आमच्या लेखा विभागातही आम्ही पाहिला नाही. गाळण्याचे हे काम मंदावले म्हणजे स्नायूंतून येणारे क्रिएटिनीन नावाचे टाकाऊ द्रव्य रक्तात साठते. मूत्रपिंडांची प्रकृती आपण या क्रिएटिनीनवरून अजमावतो.

या दोन दप्तरांचा संबंध वैद्यकाच्या इतिहासात फार जवळजवळ, तरीही वेगवेगळा, उमगत गेला. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली अंगावरची सूज, लघवीतून जाणारे प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. त्याच रुग्णालयातील विल्यम गल यांनी १८७३ साली अशा काही स्त्रियांचे वर्णन केले की ज्यांचा चेहरा फुगलेला, बोलणे जड आणि हालचाली मंद झालेल्या होत्या. पुढे १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या विकारास ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले आणि त्याचे मूळ थायरॉइडच्या दुबळेपणात आहे हे हळूहळू सिद्ध झाले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा एका स्त्रीवर उपचार केले. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत १९१४ च्या नाताळात शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले. सूज एक, चेहरा एक, पण कारणे दोन : ही अडचण त्या काळच्या वैद्यांपुढे होती आणि ती आजही पुरती संपलेली नाही.

आता थायरॉइड बिघडली असता मूत्रपिंडांचे काय होते ते पाहू. ग्रंथी मंदावली की हृदयाचा जोर कमी होतो. रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त घटते आणि अर्थातच गाळण्याचा वेग घटतो. क्रिएटिनीन वाढू लागते. मंद थायरॉइडमुळे स्नायूंनाही इजा पोचते आणि त्यांतून निघणारी द्रव्ये रक्तात वाढतात, ती गोष्ट निराळीच. याखेरीज जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची शक्ती उणावते. परिणामी रक्तातील सोडियम उतरते आणि वृद्ध माणसास भ्रम झाल्यासारखे वाटू लागते. या सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी की, मूत्रपिंडांची ही मंदी बहुतेक वेळा कायमची नसते. थायरॉक्सिनची गोळी योग्य प्रमाणात सुरू केली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती ओसरते.

हे आम्ही केवळ पुस्तकावरून सांगत नाही. आमच्या सौभाग्यवतींना वयाच्या बावन्नाव्या वर्षी पायांवर व डोळ्यांखाली सूज येऊ लागली. त्या वेळी आम्ही दुसऱ्या एका शहरी होतो. तपासणीत क्रिएटिनीन १.७ आले आणि तेथील तज्ज्ञांनी मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याचे निदान केले. घरात डाळ मोजून शिजू लागली. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. पुण्याची आमची कन्या दर रविवारी दूरध्वनी करी आणि एके दिवशी, ‘आई, माझे एक मूत्रपिंड तुला चालेल का, ते मी विचारून ठेवले आहे,’ असे बोलून गेली. ज्या घरातील लेक सव्विसाव्या वर्षी असे वाक्य उच्चारते, त्या घरात पुढे किती रात्री कोण झोपले असेल, हे आपणांस सांगावयास नको.

यानंतर आमची बदली या गावी झाली. येथील डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि काही साधे प्रश्न विचारले. बाईंचा आवाज केव्हापासून घोगरा झाला? उन्हाळ्यातही पांघरूण लागते काय? शौचास साफ होते काय? केस गळतात काय? सर्वांची उत्तरे होकारार्थी. लघवीत प्रथिन नव्हते आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार उत्तम होता. मग क्रिएटिनीन वाढावे का, असा त्यांना प्रश्न पडला. टी. एस. एच. तपासले, तर जेथे साधारणतः ४ च्या आत असावे तेथे ते ९० च्या वर निघाले. गोळी अल्प प्रमाणात सुरू झाली, हळूहळू वाढविली गेली. पाचव्या महिन्यात क्रिएटिनीन १.० वर आले. सूज उतरली, आवाज सुधारला आणि माळ्यावरची बरणी खाली आली.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. आमच्या घरची हकीकत ऐकून ‘आपलेही मूत्रपिंडाचे दुखणे म्हणजे थायरॉइडच असणार’ असे कोणी समजू नये आणि चालू औषधे तर मुळीच थांबवू नयेत. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची प्रमुख कारणे मधुमेह आणि रक्तदाब हीच आहेत. थायरॉइडच्या उपचाराने ती कारणे नाहीशी होत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की, एक साधी रक्ततपासणी राहून गेल्यामुळे सुधारण्यासारखे दुखणे न सुधारण्यासारखे ठरू नये.

ग्रंथी मंद न होता अतिचपळ झाली, तर गंमत उलटी होते. हृदय जोराने धावते, मूत्रपिंडांतून गाळण वाढते, स्नायू झिजतात आणि क्रिएटिनीन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. मूत्रपिंडात खरोखरच काही उणे असेल तर ते या वेगाच्या पडद्याआड झाकले जाते. पुढे थायरॉइडवर उपचार होऊन ती ताळ्यावर आली की क्रिएटिनीन वाढलेले दिसते आणि घरची मंडळी औषधाला दोष देतात. पुष्कळदा औषधाने काही बिघडविलेले नसते. पडदा तेवढा दूर झालेला असतो. मूत्रपिंडांसाठी सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी एक तपासणी अलीकडे केली जाते. तिच्यावरही थायरॉइडचा प्रभाव पडतो आणि तो क्रिएटिनीनच्या नेमका उलट दिशेने. म्हणून थायरॉइड स्थिर झाल्यावाचून मूत्रपिंडांविषयी अंतिम शेरा मारू नये, असे जाणते वैद्य सांगतात.

आता पत्रव्यवहाराची दुसरी दिशा. मूत्रपिंडे बिघडली असता थायरॉइडचे काय होते? टी-४ रक्तातून एकटे हिंडत नाही. त्यास वाहून नेणारी प्रथिने असतात. ज्या विकारात लघवीतून प्रथिन मोठ्या प्रमाणात जाते, लघवीला फेस येतो आणि सर्वांगावर सूज चढते, त्या विकारात ही वाहक प्रथिने आणि त्यांच्या खांद्यावर बसलेले थायरॉक्सिन दोन्ही वाहून जातात. निरोगी ग्रंथी अधिक काम करून ही तूट भरून काढते. पण जिची ग्रंथी आधीच दुबळी आहे किंवा जी गोळीवरच अवलंबून आहे, तिला मात्रा वाढवून लागू शकते. अशा वेळी एकूण टी-४ पेक्षा ‘फ्री टी-४’ आणि टी. एस. एच. पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

जुनाट मूत्रपिंडविकारात टी-४ पासून टी-३ बनविण्याचे काम मंदावते. रक्तातील आम्लता, कुपोषण आणि शरीरातील धुमसती दाहक स्थिती ही त्याची कारणे. त्यामुळे डायलिसिसवरील पुष्कळ रुग्णांत टी-३ चा आकडा कमी आढळतो. केवळ तेवढ्यावरून थायरॉइडची गोळी सुरू करावयाची नसते. शरीराने आणीबाणीत खर्चाला लावलेली ती कात्री असावी, असे पुष्कळ वैद्य मानतात. परंतु खरीखुरी मंद थायरॉइडही अशा रुग्णांत अधिक सापडते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची मूत्रपिंडे उत्तम होती त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्क्यांत, तर ज्यांचे गाळण फार खालावले होते त्यांच्यापैकी २० टक्क्यांहून अधिकांत मंद थायरॉइडची लक्षणे रक्तात दिसली. थकवा, कोरडी त्वचा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावरची सूज : ही लक्षणे दोन्ही विकारांना समान आहेत. ‘डायलिसिस चालू आहे, थकवा यायचाच’ असे म्हणून सोडून दिले की दुसरा विकार पहिल्याच्या सावलीत लपून राहतो.

आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. डायलिसिसवर होते आणि थायरॉइडची गोळीही घेत होते. मात्रा दोनदा वाढवूनही टी. एस. एच. खाली येईना. सूनबाई मोठ्या व्यवस्थितपणे सकाळच्या चहाबरोबर सर्व गोळ्या एका वाटीत काढून देत. त्या वाटीत कॅल्शियम होते, लोह होते आणि फॉस्फरस बांधून ठेवणारी सेव्हेलॅमर ही गोळीही होती. ही तिन्ही औषधे आतड्यात थायरॉक्सिनला अडवितात. डॉक्टरांनी वाटीची चौकशी केली, थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर आणि बाकीची चार तासांनंतर, असा क्रम लावून दिला. मात्रा न वाढविता आकडा खाली आला. सूनबाईंच्या सेवेत काहीच उणे नव्हते. वेळापत्रकाची ही बाब त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

आयोडीनविषयी चार शब्द बोलणे या गावी तरी आवश्यकच आहे, कारण हिमालयाच्या पायथ्याचा हा पट्टा गलगंडासाठी पूर्वापार प्रसिद्ध. पावसाने आणि पुरांनी येथील मातीतले आयोडीन धुऊन नेले. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध प्रयोग सुरू केला. काही भागांना आयोडीनयुक्त मीठ, एका भागास साधे मीठ. पुढील वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड ठळकपणे घटला. त्या अनुभवाच्या आधारे १९६२ पासून राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आज आपण बाजारातून जे मीठ आणतो त्यात हे पुण्य मिसळलेले आहे.

शरीरातील बहुतेक आयोडीन बाहेर पडते ते मूत्रपिंडांवाटे. मूत्रपिंडे थकली की ते साठते, आणि आयोडीन फार झाले तर थायरॉइड काम करण्याऐवजी थबकते. वुल्फ आणि चैकॉफ या शास्त्रज्ञांनी १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांत हे दाखविले. कमतरतेने मंद आणि अतिरेकानेही मंद, असा हा न्याय आहे. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने समुद्रशैवालाच्या गोळ्या वगैरे आपल्या मनाने घेऊ नयेत. आयोडीनयुक्त रंगद्रव्य टोचून छायाचित्र काढावयाचे असेल, तर आपले दोन्ही विकार तेथे आधी सांगावेत. मात्र त्या भीतीने आयोडीनयुक्त मीठ टाकून सैंधव धरू नये. मीठ कमी खावे, पण खावे ते आयोडीनयुक्त. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मुळीच वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता न आल्यास हृदयास धोका पोचतो.

आता आपल्यासारख्यांच्या विशेष अडचणीकडे वळतो. गावी राहणाऱ्या माणसाचा एक घरचा डॉक्टर असतो. त्याने आजोबांना तपासलेले असते आणि नातवालाही. आवाज घोगरा झाला की शेजारच्या काकू दारातच विचारतात. आपण तीन-चार वर्षांनी गाव बदलतो. डॉक्टर बदलतो, प्रयोगशाळा बदलते, शेजार बदलतो. सावकाश होणारा बदल ओळखण्यास दीर्घ ओळखीचे डोळे लागतात आणि नेमके तेच आपण मागे सोडून येतो. थायरॉइड आणि मूत्रपिंडे, दोघेही सावकाश बिघडणारे. यास उपाय एकच : घरातील प्रत्येक प्रौढ माणसाची एक फाईल असावी. तीत तारीखवार कागद लावावेत आणि पहिल्या पानावर क्रिएटिनीन, लघवीतील प्रथिन, टी. एस. एच., रक्तदाब व साखर यांचे आकडे वर्षवार उतरवून ठेवावेत. एकटा आकडा फारसे बोलत नाही. पाच वर्षांची ओळ पुष्कळ बोलते. बदलीच्या सामानात ही फाईल ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.

दुसरे असे की, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जाताना थायरॉइडचा कागद न्यावा आणि थायरॉइडच्या डॉक्टरांकडे जाताना मूत्रपिंडाचा. सर्व औषधांची एक यादी असावी. मनोविकारासाठी दिले जाणारे लिथियम या दोन्ही अवयवांवर परिणाम करते, हे त्या यादीवरूनच कोणाच्या तरी ध्यानात येईल. गोळीची मात्रा बदलल्यावर टी. एस. एच. आठ दिवसांत तपासून गडबडू नये. सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत. आणि चेहरा सुजला, आवाज बदलला, थकवा जाईना, तर ‘वय झाले’ हा शेरा स्वतःच मारून फाईल बंद करू नये. वय हे कारण शेवटी लिहावयाचे असते, आरंभी नव्हे.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. या वर्षीच्या कार्यक्रमांत एक रविवार असा असावा की ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या फायली घेऊन यावे आणि आपल्यातील तरुण मुलामुलींनी पहिल्या पानावरचा तो तक्ता त्यांना भरून द्यावा. त्याला निधी लागत नाही, दोन टेबले आणि चार लेखण्या पुरतात. पहिल्या रविवारची चहाची व्यवस्था आमच्याकडे. कन्या पुण्याहून येणार आहे, तीही एका टेबलाशी बसेल.